पुढच्या शॉकअपची ग्रॅव्हल सायकल : पांदणीतले आणि डांबरावरचे अनुभव

विदर्भात गाव सोडलं की एकाच फेरीत डांबर, गिट्टी, मुरूम आणि पांदण सगळंच लागतं. पुढे सस्पेन्शन (शॉकअप) असलेली ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी रुंद टायरची सायकल, यावर कशी चालते, ते चालवणाऱ्यांनीच आपापल्या गावाच्या नावाने लिहावं. सुरुवात मी करतो.

दारव्हा : माझ्या फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची जागा, 40 मिमी. माउंटन बाइकचा साधारण 100 किंवा जास्त असतो, तेव्हा मोठ्या खड्ड्यात बिनधास्त घालायला हा नाहीच. त्याचं काम बारीक हादऱ्यांचं. बंडीच्या चाकोरीत वाळून टणक झालेली ढेकळं, वर आलेली गिट्टी. साध्या फोर्कवर वावर येईस्तोवर बोटं बधिर होत, ब्रेक दाबायला जोर राहत नसे. आता हँडल हातात राहतं. फाट्यावर डांबर लागलं की लॉकआउट करतो, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करतो, मग उभं राहून पेडल मारलं तरी पुढचा भाग डुलत नाही.

वरूड : दादा, पावसाळ्याचंही लिहा ना. काळी माती टायर आणि फोर्कच्या मधल्या फटीत अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. तिथे शॉकअप काय करणार? मी 45 मिमीचे टायर काढून 40 चे घातले, फट वाढली. तरी झड लागली की पांदणीत जाणं बंद. दोन दिवस ऊन पडू द्यायचं.

पवनी : मला गरज वाटली नाही. गोसेखुर्दच्या नहराच्या पाळीवर साधा कार्बन फोर्क आणि कमी हवेचे ट्यूबलेस टायर पुरतात. शॉकअपचं पाऊण किलो जादा वजन कशाला ओढायचं? बाभळीच्या काट्यांसाठी सीलंट (टायरच्या आतून छिद्र बुजवणारं द्रव) मात्र हवंच, आणि उन्हाळ्यात ते लवकर सुकतं.

परतवाडा : पवनीच्या भाऊंचं सपाटीवर पटतं. पण चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास, आणि तिथून घाट उतरताना वळणावर डांबर उखडलेलं असलं की फरक कळतो. ब्रेक लावलेला असतानाही पुढचं चाक जमीन सोडत नाही. एक सांगतो : फोर्कमधली हवा आपल्या वजनाप्रमाणे भरा. सायकलवर बसल्यावर ट्रॅव्हलचा पाचवा हिस्सा दबला पाहिजे. त्याला शॉकचा वेगळा पंप लागतो, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरू नका. घरी आलं की फोर्कच्या नळ्यांवरची धूळ मऊ फडक्याने पुसा, नाहीतर सील (नळ्यांवरच्या रबरी कड्या) खराब होतात.

दारव्हा : सील बदलायला कुठे नेता तेही लिहा. आमच्याकडे जवळ कोणी करत नाही.