सहावीची पोरं ४×९ वरच थांबतायत, मूळ अवयव कसे शिकवू?

तासगावकडची_मॅडम
आमची शाळा तासगावजवळ वाडीवर, सहावीत बावीस पोरं. विभाज्यतेच्या कसोट्या पाठ, पाढे पण बऱ्यापैकी, पण ३६ चे मूळ अवयव पाडा म्हणलं की निम्मा वर्ग ४×९ लिहून पेन खाली ठेवतो. का थांबलास तर म्हणे "मॅडम पाढ्यात बसलं की". आणि ९ मूळच आहे कारण विषम आहे म्हणे! वर विभाजक विचारले तर २, २, ३, ३ सांगतात, दोन्हीचा नुसता काला झालाय. पुढच्या आठवड्यात मसावि-लसावि घ्यायचाय, कुणी काही सुचवा.

कोरेगावचे_गुर्जी
मॅडम फळा ठेवा बाजूला, चिंचोके आणा. जोडीला ३६ द्या नि आयत मांडायला सांगा, सगळ्या ओळी सारख्या. १×३६, २×१८, ३×१२, ४×९, ६×६ असे पाच होतात, त्यांच्या बाजू म्हणजेच विभाजक, ६ दोनदा येतो म्हणून एकूण ९. मग नुसते ९ चिंचोके द्या, ३×३ चा चौकोन होतोच, विषम-बिषम तिथंच मिटतं. ७ ची मात्र एकच लांबडी ओळ. आमचा एक पोरगा १३ घेऊन लय वेळ झटला, शेवटी एक चिंचोका गुपचूप खिशात टाकून "झालं गुर्जी, ३×४"! रागावलो नाही, तोच चिंचोका परत ठेवून वर्गाला दाखवायला लावला.

मिरज_लोकल
विभाजकाला चिंचोके बरोबर, पण मूळ अवयवाला झाडच काढा, संख्येखाली दोन अवयवांच्या दोन फांद्या, त्यांच्याखाली परत तसंच. तीन पोरं फळ्याशी, एक ४×९ पासनं, एक ६×६, एक २×१८, आणि जिथं नुसती एकच ओळ होते तिथंच फांदी थांबवायची. खाली तिन्हीकडं २, २, ३, ३. मग कोणतरी ३×१२ नं करून बघतंच, वेगळं येतंय का म्हणून.
आणि ९१ नक्की द्या, सगळे मूळ म्हणतात, ७×१३ आहे ती. १०० च्या आत २, ३, ५, ७ नी भागून बघितलं की बास, ११×११ चेच १२१ होतात.

सहावीची_आई
मग १ चं काय ओ गुर्जी? ओळ तर त्याचीपण एकच होते, लेक कालपास्नं भांडतीय माझ्याशी.

कोरेगावचे_गुर्जी
ताई, मूळ संख्येला बरोब्बर दोन विभाजक लागतात, ७ ला १ आणि ७. १ ला एकच आहे. आणि १ ला मूळ धरलं तर झाडाला १, १, १ अशा फांद्या फुटतच राहणार, थांबायचं कुठं?

तासगावकडची_मॅडम
आज केलं. चिंचोके मिळाले नाहीत, एका पोराच्या घरनं बेदाणे आणले. मागच्या बाकावरच्यांचे आयतच होईनात, मोजले तर ३६ चे ३१ राहिलेले. आता ३१ चा कुठला आयत होतोय!