आयएआयएचं सदस्यत्व असलं की ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अहवालावर सही करता येते का?

तांबडी_माती: एमएससी पर्यावरणशास्त्र झालंय, शिवाय समाजकार्याची पदविका आहे. सामाजिक परिणामांच्या कामात शिरायचंय. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर इम्पॅक्ट असेसमेंटचं (आयएआयए) सदस्यत्व घेतलं तर भारतात चालतं का, की नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाचीच मान्यता लागते?

पाणलोट: सहीसाठी उपयोग शून्य. आयएआयए ही १९८० सालापासूनची व्यावसायिकांची संघटना, कचेरी अमेरिकेत फार्गोला. वर्गणी भरली की सदस्य. परवाना-बिरवाना मिळत नाही. २००६ च्या ईआयए अधिसूचनेखालचा अहवाल नॅबेटमान्य सल्लागार संस्थेकडूनच जावा लागतो. मान्यता संस्थेला असते, एकट्या माणसाला वेगळी मिळत नाही. संस्थेनं तुमचं नाव 'सामाजिक-आर्थिक' विषयाचा तज्ज्ञ म्हणून मंजूर करून घ्यायचं. संस्था बदलली की नव्या यादीत पुन्हा चढवायचं.

सातबारा: तरी आयएआयए अगदीच सोडू नका. सामाजिक परिणामांवरची त्यांची २०१५ ची मार्गदर्शिका फुकट उतरवता येते, आधी ती वाचा. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत सामाजिक परिणामांच्या प्रकरणात २०११ च्या जनगणनेचे तक्ते असतात आणि खाली 'रोजगार वाढेल'. झालं!

प्रकल्पाची झळ बसणाऱ्यांची यादी नुसती सातबाऱ्यावरून केली की घोळ होतो. बटाईनं कसणारा, पडीक रानात शेळ्या चारणारा, कापणीला येणारी मजूर बाई यांची नावं त्यावर नसतात. उलट मयत आजोबांचं नाव असतं, वारसनोंद झालेली नसते. 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा पाहा, मग पीकपाण्याचा नमुना बारा घेऊन शिवारात जा: नोंदीत कोण आणि औतामागे कोण? दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा.

तांबडी_माती: जनसुनावणी एकच ना? आणि गणपूर्ती?

पाणलोट: एकच नाही, इथेच गल्लत होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या सामाजिक आघात मूल्यांकनाची सुनावणी वेगळी. ते मूल्यांकन सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपवायचं असतं. ईआयएची सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष. सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. गणपूर्तीची अट नाही, पण हजेरीच्या सह्या आणि चित्रीकरण लागतं.

सातबारा: अहवालाचा मराठी सारांशही तपासा. 'एफ्लुएंट'चं 'प्रवाही' झालेलं असतं. गावाला 'कारखान्याचं सांडपाणी' म्हटलं की कळतं, आणि मग 'आमच्या ओढ्यात सोडणार का?' हा खरा प्रश्न येतो. अंतिम अहवालात प्रत्येक हरकतीसमोर उपाय, खर्च आणि मुदत हवी. 'नोंद घेतली' एवढंच लिहिलं की मूल्यांकन समिती फाईल परत धाडते.