सिक्लिड माशांना जिवंत अळ्या द्याव्यात की गोठवलेल्या?

प्रश्न:
माझ्याकडे एका टाकीत ऑस्करची जोडी आणि दुसऱ्या टाकीत आफ्रिकेतील मलावी सरोवरातील म्बुना मासे आहेत; दोन्ही सिक्लिड कुळातलेच. सध्या दोन्हींना दाणेदार खाद्य देतो. त्यासोबत जिवंत ट्यूबिफेक्स (गाळातले बारीक कृमी) किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) सुरू करावेत असा विचार आहे. यांपैकी सुरक्षित काय, आणि दोन्ही टाक्यांना एकच खाद्य चालेल का?

उत्तर १:
दोन्ही टाक्यांना एकच खाद्य देऊ नका. म्बुना खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणारे मासे असल्यामुळे त्यांचे आतडे लांब असते, आणि प्रथिनांनी भरलेल्या अळ्या वारंवार मिळाल्या तर पचन बिघडून पोट फुगणे, खाणे सोडणे, पांढरी दोरीसारखी विष्ठा पडणे अशी लक्षणे दिसू शकतात. ऑस्कर मात्र मुळातच मांसाहारी वळणाचा आहे. त्याला आठवड्यातून एकदोनदा अळ्या जरूर द्या, पण रोजचे मुख्य खाद्य दाणेदारच ठेवा.

जिवंत ट्यूबिफेक्स मी सुचवणार नाही. हे कृमी सांडपाण्याच्या गाळात, कुजणाऱ्या पदार्थांवर वाढतात आणि तिथले जिवाणू व परजीवी सोबत घेऊन येतात. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून ते पाणी काही दिवस वारंवार बदलले तर धोका कमी होतो, संपत नाही. तरीही आणलेच, तर कृमींच्या गोळ्याला बोट लावून पाहा: ताजे कृमी चटकन आकसतात, मेलेले फिकट होऊन विस्कटतात व त्यांना दुर्गंधी येते.

त्यापेक्षा गोठवलेले ब्लडवर्म बरे. या खरे तर एका न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या अळ्या असून त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. गोठवण्याने बरेचसे परजीवी मरतात, पण अनेक जिवाणू केवळ निष्क्रिय होतात, म्हणून खात्रीचाच माल घ्यावा. गोठवलेल्या अळ्यांची वडी टाकीतल्या थोड्या पाण्यात वितळवून बारीक जाळीतून गाळा आणि ते लाल पाणी फेकून द्या, कारण त्यामुळे टाकीचे पाणी नाहक खराब होते. एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवू नये.

उत्तर २:
मोठ्या ऑस्करसाठी गांडुळासारखे दुसरे उत्तम खाद्य नाही, आणि गांडुळांचा विचार कोणी करत नाही याचे मला वाईट वाटते. कीटकनाशक किंवा रासायनिक खत न पडलेल्या मातीतलीच गांडुळे घ्यावीत, पोटातली माती निघून जावी म्हणून एक दिवस ओलसर कागदात ठेवावीत आणि धुऊन द्यावीत. कंपोस्टमधली लाल गांडुळे मात्र डिवचल्यावर उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडतात, त्यामुळे मासे ती पुष्कळदा तोंडात घेऊन लगेच थुंकतात.

उत्तर ३:
एक गोष्ट राहिली. ब्लडवर्ममधील हिमोग्लोबिनची माणसाला ॲलर्जी होऊ शकते: हाताला खाज, शिंका, डोळ्यांतून पाणी, काहींना दमा. वाळवलेल्या अळ्यांची धूळ श्वासात जात असल्याने अधिक जपावे. चिमटा वापरा आणि नंतर हात धुवा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. म्बुनांमध्ये काही पिवळे लॅबिडोक्रोमिसही आहेत. त्यांनाही अळ्या पूर्णपणे बंद ठेवाव्यात का?

उत्तर १:
पिवळा लॅबिडोक्रोमिस सरोवरातही बारीक अपृष्ठवंशीय जीव टिपतो, म्हणून त्याला अधूनमधून अळ्या पचतात. मात्र एकत्र टाकीत टाकलेली अळी नेमकी कोणाच्या तोंडी जाईल ते आपल्या हाती नसते, त्यामुळे आहार शेवाळखाऊ सोबत्यांच्या मानानेच ठरवा: स्पिरुलिना (एक प्रकारचे निळे-हिरवे शेवाळ) असलेले खाद्य, आणि अळ्या फक्त ऑस्करच्या टाकीत.