शिक्षणहक्काची पाहणी करताना लोकशाही कुठल्या रकान्यात टाकायची?

शंकेखोर_सई
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचा छोटा स्वयंसेवी गट आहे, शाळाशाळांत जाऊन शिक्षणाच्या हक्काचं नेमकं काय चाललंय ते बघायचं म्हणून एक फॉर्म बनवतोय. आत्तापर्यंत जमलंय ते नेहमीचंच, पटसंख्या, गळती, खोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृह चालू का बंद. मीटिंगमध्ये एकीने विचारलं, शाळेने लोकशाही पण रुजवायची असते ना, मग तिचा रकाना कुठंय? त्यावर दुसरा म्हणाला "वर्गप्रतिनिधीची निवडणूक होते का, हो/नाही" एवढं टाका आणि मोकळे व्हा. मला ते काही पटेना, पण याहून बरं काय ते सांगताही येईना. कोणी असं काम केलंय का? नक्की काय विचारायचं?

जुनीपाटी
लोकशाही बाहेरून आणून चिकटवायची गरजच नाही हो, ती हक्कातच आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार काढा, कलम १३. पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय की शिक्षणामुळे प्रत्येकाला मुक्त समाजात परिणामकारक भाग घेता आला पाहिजे. मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्याच्या नंतर येतं, पण सगळे थेट तिथेच उडी मारतात.

मोजायला चार निकष वापरतात. शाळा उपलब्ध आहे का, तिथपर्यंत सगळ्यांना पोचता येतं का (अंतर, खर्च आणि भेदभाव तिन्ही धरून), आत जे शिकवतात आणि जसं वागवतात ते स्वीकारण्यासारखं आहे का, आणि शाळा मुलाप्रमाणे बदलते का मुलानेच शाळेप्रमाणे बदलायचं. कतरिना तोमाशेव्हस्की १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणहक्कावरच्या पहिल्या विशेष प्रतिवेदक (म्हणजे या हक्काची स्थिती बघून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञ) झाल्या, ही मांडणी मुख्यतः त्यांच्या नावाने ओळखतात, आणि करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीनेही १९९९ च्या टिप्पणीत हेच चार निकष घेतले. तुमचा फॉर्म पहिल्या दीड निकषातच अडकलाय, राग मानू नका.

तिसरा निकष किती महत्त्वाचा ते बघायचं तर दक्षिण आफ्रिकेतलं सोवेटो, १९७६. शाळा होत्या, मुलं शाळेत होती, पटसंख्येत काही खोट दिसली नसती, तरी हजारो मुलं रस्त्यावर आली कारण वर्णभेदी सरकारने अर्धे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकायची सक्ती केली होती, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

अजून एक, सरासरीवर विश्वास ठेवू नका, आकडे फोडून बघा. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात प्राथमिक शाळेतल्या मुलांमध्ये रोमा (युरोपातला एक अल्पसंख्य समाज) मुलं २.२६ टक्के होती, पण शिकायला अडचण असलेल्यांसाठीच्या 'विशेष' शाळांमध्ये ५६ टक्के! कोणत्याही कायद्यात रोमांना वेगळं काढा असं लिहिलेलं नव्हतं, विशेष शाळेत कोणाला घालायचं ते ठरवणारी चाचणी सगळ्यांना एकच होती. तरीही २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभावच आहे असा निकाल दिला, आणि त्यात अशा आकडेवारीला पुरावा म्हणून वजन मिळालं. नुसती एकूण पटसंख्या मोजली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं.

खडूस_काका
जुनीपाटी, माहितीबद्दल धन्यवाद, पण लोकशाही मोजण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्व जर्मनीत सगळ्यांना शाळा होती, वर नागरिकशास्त्राचा सक्तीचा विषय होता, त्यात मार्कही मिळायचे. आणि चर्चमध्ये जाणाऱ्या किंवा सरकारी युवक संघटनेत न जाणाऱ्या कित्येक हुशार पोरांना पुढच्या शिक्षणाची दारं बंद. तुमच्या फॉर्मवर ती शाळा पैकीच्या पैकी गुण घेऊन गेली असती की. आठवीच्या मुलांची नागरिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय पाहणीही होते, २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये झाली, ज्ञान आणि दृष्टिकोन दोन्ही विचारतात, वाईट नाहीये, पण मुलाला लोकशाही माहीत असणं वेगळं आणि त्याच्या शाळेत ती असणं वेगळं.

आणि वर्गप्रतिनिधी म्हणजे बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. ती निवडणूक नाही, पोलीसभरती आहे :D

मधली_सुट्टी
काकांच्या पोलीसभरतीला +१, मी शिक्षिका आहे आणि ते शंभर टक्के खरंय. पण मोजूच नका हे नाही पटलं. मार्क देऊ नका, प्रसंग विचारा. मुलांच्या म्हणण्यामुळे गेल्या वर्षात शाळेत काय बदललं, एक तरी उदाहरण सांगा. नियम कोणी बनवले, ते मोठ्यांनाही लागू आहेत का? तक्रार आली तर उत्तर कोण देतं, आणि मुलाला शिक्षा झाली तर आधी त्याची बाजू ऐकतात का? बालहक्क करारात (१९८९) कलम १२ आहेच, मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकायचं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. म्हणजे हे शाळेने केलेले उपकार नाहीत.

पोलंडमध्ये वॉर्सात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलंच, आणि खुद्द कोर्चाकवरही तिथे खटले चालले. एवढं कोणी करत नाही हल्ली, पण मोठ्या माणसाला जाब विचारायची काहीतरी सोय आहे का हा प्रश्न मी तरी सगळ्यात वर ठेवेन.

शिक्षकांनाही विचारा प्लीज. जिथे शिक्षकाला स्टाफ मीटिंगमध्ये तोंड उघडायची चोरी तिथे तो वर्गात काय डोंबल लोकशाही शिकवणार. आणि तुमची पाहणी म्हणजे आमच्यासाठी अजून एक रजिस्टर होऊ देऊ नका, आधीच भरपूर आहेत.

शंकेखोर_सई
वा, मीटिंगला न्यायला भरपूर मिळालं! प्रसंग विचारायची आयडिया तर लगेच घेतेय. पण दोन शंका. मुख्याध्यापक शेजारी बसलेले असताना मुलं खरं बोलतील का? आणि अहवाल झाल्यावर तो द्यायचा कोणाला?

जुनीपाटी
शेजारी बसवायचंच नाही. मुलांशी गटात बोला, आधी मुलांची आणि पालकांची परवानगी घ्या, नावं लिहू नका, आणि लहान शाळा असेल तर प्रसंग असा लिहा की मूल ओळखू येणार नाही, नाहीतर तुम्ही गेल्यावर ते भोगणार. एखादं मूल मारहाणीबद्दल बोललं तर काय करायचं हे जायच्या आधी ठरवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

अहवाल आधी शाळेला आणि मुलांना दाखवा, त्यांचं म्हणणं त्यातच छापा. मग शिक्षण खात्याला आणि मानवी हक्क आयोग असेल तर त्यालाही. मी वर सांगितलेल्या १९६६ च्या करारात सामील देश ठराविक काळाने त्याच्या समितीपुढे आपला अहवाल ठेवतात, तेव्हा संस्था-संघटना समांतर अहवाल पाठवू शकतात, समिती तो वाचते आणि त्यावरून सरकारी प्रतिनिधींना प्रश्नही विचारते. व्यक्तिगत तक्रारीचीही वाट आहे, त्याच कराराला जोडलेला २००८ चा ऐच्छिक प्रोटोकॉल (पूरक करार), २०१३ पासून लागू, पण देशाने तो स्वीकारलेला असला तरच, आणि साधारणपणे देशातले मार्ग संपल्यावरच.

खडूस_काका
सई, फॉर्म झाला की इथे टाका. चुका काढायला मी आहेच.