उशब्ती: बदली मजूर की मृताचेच दुसरे रूप?

मूळ मत:
प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील उशब्ती, म्हणजे मृताबरोबर ठेवलेल्या छोट्या मूर्ती, आपण कलावस्तू म्हणून पाहतो. मात्र त्यांच्या अंगावरचा मजकूर वाचला की ती वेठबिगारीची हजेरी वाटू लागते. ‘मृतांच्या ग्रंथा’तील (परलोकासाठीच्या मंत्रांचा संग्रह) सहाव्या मंत्रात मृत व्यक्ती मूर्तीला बजावते की, परलोकात शेत कसायला, रानाला पाणी द्यायला किंवा पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायला माझ्या नावाचा पुकारा झाला, तर ‘मी हजर आहे’ असे तू म्हण. तुतानखामुनच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या: दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर, दर दहांमागे एक असे ३६ मुकादम आणि महिन्यागणिक एक असे १२ वरिष्ठ. राज्याची वेठ त्यांनी जशीच्या तशी परलोकात नेली आणि ऐपतदारांनी तिच्यातून सुटका विकत घेतली, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. मूर्तीवर नाव असते ते मृताचेच, आणि मध्य राज्याच्या काळात (इ.स.पू. २००० च्या सुमारास) थडग्यात एखाददुसरीच, ममीसारखी गुंडाळलेली मूर्ती ठेवत. ही नोकराची नव्हे, मृताचीच प्रतिमा झाली. शिवाय देर अल-मदिना या थडगी बांधणाऱ्या कारागिरांच्या वस्तीतील सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात (ते १८८६ मध्ये उघडले) उशब्ती मिळाल्या, तरी भिंतीवरच्या चित्रात तो स्वतःच नांगर धरून चालला आहे आणि पत्नी मागून बी पेरते आहे. तेही शुभ्र तागाची वस्त्रे नेसून, चिखलाचा एक शिंतोडाही अंगावर न घेता! कष्ट टाळायचेच होते, तर हे चित्र कशाला काढून घेतले असते?

प्रतिसाद २:
अबायडोस या प्राचीन दफनस्थळी पहिल्या राजवंशातील (इ.स.पू. सुमारे ३०००) जेर राजाच्या थडग्याभोवती शेकडो माणसे पुरलेली आढळतात. त्या नरबळीची जागा पुढे मूर्तींनी घेतली, इतकी ही सरळ गोष्ट आहे.

प्रतिसाद १:
सरळ आहे, पण मधली सुमारे हजार वर्षे गाळली तरच.

मूळ मतकर्ता:
नरबळीचा मुद्दा मलाही पटत नाही. मात्र ब्रिटिश म्युझियममधील बाविसाव्या राजवंशाच्या काळातील (इ.स.पू. दहावे ते आठवे शतक) एका पपायरसवर उशब्तींच्या विक्रीची पावती आहे, ती आपण विचारात घ्यावी. तिच्यात घडवणारा कारागीर ३६५ उशब्ती आणि ३६ मुकादम, एकूण ४०१ नगांच्या किमतीची चांदी पोचल्याचे मान्य करतो, त्यांना ‘दास आणि दासी’ म्हणतो आणि पुढे त्या मूर्तींनाच मृतासाठी कामाला लागण्याची आज्ञा देतो. स्वतःच्या प्रतिमेला दास कोण म्हणेल? त्या काळातील मुकादमांच्या हाती तर चाबूकही असतो.

प्रतिसाद १:
त्या कालखंडापुरते मान्य. संख्या शेकड्यांवर गेल्यावर प्रतिमेचा दास झाला, हे मी नाकारत नाही. परंतु आपण तेवढ्यावरून सगळा इतिहास मोजता. सव्विसाव्या राजवंशाच्या (इ.स.पू. सातवे-सहावे शतक) सुमारास चाबूकवाले मुकादम नाहीसे होतात आणि मूर्ती पुन्हा ममीच्या रूपात, परलोकाचा देव ओसायरिस याच्यासारखी दाढी लावून उभी राहते. हातातली कुदळ आणि खांद्यावरची बियांची पिशवी मात्र सुटत नाही.