कुंडीत पाणी कोण घालतं?

३०२ काकू (सकाळी ७:०४): सर्वांना नमस्कार. जिन्यातल्या कट्ट्यावरची माझी कलांचोची तिसरी कुंडी कुजली. देठ बुडाशी काळं पडून लिबलिबीत झालंय. कोण पाणी घालतं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही.

१०१ आप्पा: घ्या की नाव. मी घालतो. सहा वर्षं सगळ्या मजल्यांवर घालतोय. मोगऱ्यानं कधी तक्रार केली नाही.

३०२ काकू: आप्पा, मोगरा वेगळा. याची जाड पानं पाणी साठवायलाच असतात. वरची माती पार कोरडी झाली की मगच पाणी. या थंडीत तर दहा-बारा दिवसांनी. तुम्ही रोज तांब्या ओतता.

४०३: काकूंच्या कुंडीत गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडाला 😂

२०४: गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला. कट्ट्यालगतच्या कुंड्यांना सतर्कतेचा इशारा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय. डिसेंबरचा मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरावा.

१०१ आप्पा: झाड तहानलेलं बघवत नाही मला. निफाडला आमची द्राक्षबाग होती.

४०३: बागेला ठिबक होतं ना आप्पा? का तिथंही तांब्याच?

३०१ ताई: काकू, कुजलेली कुंडी लगेच टाकू नका. वरचे चांगले शेंडे कापा, दोन-तीन दिवस सावलीत काप सुकू द्या, मग जाडी वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. कुंडीला भोक आहे ना, तेवढं बघा. आणि बाकीच्या दोन कुंड्यांना फूल का येत नाही, सांगू? आपली नवी ट्यूब. कळी धरायला याला रोज साधारण १४ तास सलग अंधार लागतो, तोही सुमारे सहा आठवडे. तुमच्या कुंड्या बरोबर ट्यूबखाली.

३०२ काकू: बघा! ट्यूबला मी मीटिंगमध्येच विरोध केला होता. तेव्हा सगळे हसले.

४०१: लाइट बंद होणार नाही. मी रात्री साडेबाराला ड्यूटीवरून येते. मागच्या वर्षी सायकल अंधारामुळेच गेली, विसरलात?

२०४: सायकल अंधारामुळे नाही, वॉचमन झोपल्यामुळे गेली.

सेक्रेटरी: तो विषय मिटलेला आहे. मेंटेनन्स १० तारखेपर्यंत.

३०१ ताई: लाइट राहू दे हो. संध्याकाळी सहाला कुंड्यांवर खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. दिवसभर मात्र भरपूर उजेड हवा.

४०३: मूळचं मादागास्करचं झाड, येऊन इंदिरानगरच्या जिन्यात खोक्याखाली झोपणार. नशीब एकेकाचं.

३०१ ताई: युरोपमार्गे आलंय. पॉट्सडॅमच्या ब्लॉसफेल्डनं १९३२ मध्ये तिकडच्या बाजारात आणलं, म्हणून शास्त्रीय नावात तो आहे.

२०४: मग मेंटेनन्स त्याच्याकडून घ्या.

सेक्रेटरी: 🙏 मेंटेनन्स हा विनोदाचा विषय नाही.

००२: एक विचारायचं होतं. आमची मनी दुपारी त्याच कट्ट्यावर उन्हाला बसते. हे झाड मांजराला चालतं का?

३०१ ताई: नाही, खाल्लं तर विषारी. कुत्र्यालाही. कुंड्या उंच टांगलेल्या बऱ्या.

३०२ काकू: म्हणजे आता कुंड्या पण मीच हलवायच्या. ठीक आहे. ग्रुपचा आदर आहे.

१०१ आप्पा: मनी कुंडीत काय करून जाते, यावर कोणी बोलत नाही. पाण्यानंच कुजली असं कशावरून?

००२: आप्पा, वयाचा मान ठेवून गप्प बसते.

सेक्रेटरी (संध्याकाळी ६:२०): तिसऱ्या मजल्यावर जिन्यात खोका कोणी ठेवला? जिना मोकळा ठेवावा, दहा वेळा सांगितलं आहे. मेंटेनन्सचंही.

३०२ काकू: तो खोका नाही, रात्र आहे. ताईंना विचारा.

३०२ काकू (सकाळी ७:५१): माझा खोका कुठे गेला?

४०१: झाडूवाल्या मावशींनी बहुतेक घंटागाडीत टाकला.

१०१ आप्पा: माझ्याकडे मिक्सरचा आहे. आणून देतो.

३०२ काकू: आणा. तांब्या घरी ठेवून या.