मदत हवी आहे : कमी स्पीडला ॲनिमेशन कसं चालेल, हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी जलचक्राचं ४० सेकंदांचं ॲनिमेशन केलंय. एमपीफोर फाइल २.४ एमबीची. घरच्या वायफायवर लगेच सुरू होतं, पण मुलं ते आईवडिलांच्या मोबाइलवर बघणार आणि गावात रेंजचा भरवसा नाही.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) नेटवर्क टॅबवर ४०० केबीपीएसचं (सेकंदाला ४०० किलोबिट) थ्रॉटलिंग, म्हणजे मुद्दाम वेग कमी करणारं, प्रोफाइल बनवलं. 'डिसेबल कॅश'वर, म्हणजे साठवलेली प्रत न वापरण्यावर, टिक केली (आधी ती राहिली होती, म्हणून सगळं झटपट दिसत होतं). फाइल उतरायला हिशेबाने ४८ सेकंद लागतात, ते ठीक. पण पहिलं चित्र दिसायलाच तेवढा वेळ जात होता! फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे 'मूव्ह ॲटम', शेवटी होती आणि आमचा सर्व्हर रेंज रिक्वेस्ट (फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागणं) घेत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ-सॉफ्टवेअरने 'फास्टस्टार्ट' लावून ती पुढे आणली. आता दोनेक सेकंदांत समुद्र दिसतो. मात्र व्हिडिओला सरासरी ४८० केबीपीएस लागतात, त्यामुळे वाफेचे ढग होतात नेमकं तिथे चाक फिरत बसतं.

हे थ्रॉटलिंग फक्त वेग कमी करतं, उशीर वाढवतं. खऱ्या नेटवर्कवर पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात, त्याचं काय? लिनक्सवर 'नेटेम' (नेटवर्कचे दोष मुद्दाम घडवणारं साधन) वापरून कुणी असं तपासलंय का? किती टक्के गळती धरता?

आणि व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) ३०० केबीपीएसवर आणू की लॉटीमध्ये (जेसन या मजकूर-फाइलवरून ॲनिमेशन रेखाटणारा प्रकार) नव्याने करू? लॉटीची जेसन फाइल पूर्ण उतरल्याशिवाय काहीच दिसत नाही, म्हणून मन धजत नाहीये. मुलं ढगांपर्यंत तरी पोचली पाहिजेत हो.